जमीन हलत नाहीये

शिक्षकांच्या खोलीतला दिवा झुलायला लागला तेव्हा मी पावाला लोणी लावत होतो, आणि लावतच राहिलो. चिलीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वालपाराइसोत सहाच्या आतल्या भूकंपाला कुणी खुर्चीवरून उठत नाही. उठलाच कुणी तर लोक समजतात की हा पर्यटक असावा, नाहीतर राजधानीतून बदली होऊन आलेला अधिकारी. समोर नोल्फाबाई बसल्या होत्या. त्या इतिहास शिकवतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा घटनांना त्या जातीनं हजर होत्या असं मुलं म्हणतात. त्यांनी कप नुसता हातानं धरून ठेवला, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साडेपाच." मी म्हणालो, "पाच आठ." हा आमच्याकडचा घरगुती खेळ आहे. जमीन हलली की आकडा बोलायचा, मग रेडिओ खरा आकडा सांगतो, आणि ज्याचा आकडा सगळ्यांत लांबचा तो जेवणानंतरची भांडी घासतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून माझ्याकडून लोकांच्या अपेक्षा असतात, आणि म्हणूनच बहुधा मी आयुष्यभर भांडी घासत आलो. आमच्या घरात नेहमी ओरियाना जिंकायची. माझी मुलगी. लहान होती तेव्हा ती टेबलाखाली शिरून फरशीला तळहात लावायची, एखाद्या जनावराचा ताप बघावा तशी, आणि खालून आवाज यायचा, "सहा एक, पापा, लिहून ठेव." आता ती दहावीच्या वर्गात माझ्यासमोर बसते आणि मला 'प्रोफे', म्हणजे सर, म्हणते, कारण सगळेच म्हणतात. तिची आई इव्हॉन आणि मी हिवाळ्यात वेगळे झालो. तेव्हापासून ओरियाना माझ्याशी बोलली आहे ती फक्त हजेरीच्या वेळी.

दिवा थांबेना. माझ्या हातातली सुरी लोण्यावर तशीच राहिली, कारण काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे मला लगेच सांगता येईना. मग लक्षात आलं की खिडक्या वाजत नाहीयेत. जवळचा भूकंप खिडक्यांवर येतो, उधारी मागणाऱ्या माणसासारखा दारं बडवतो, आणि निघून जातो. हा काहीच बडवत नव्हता. दिवा संथ, लांब, जवळजवळ सभ्यपणे झुलत होता, आणि कपातला चहा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाऊन परत येत होता. हे मी दरवर्षी शिकवतो: दूरवरून येताना बारीक थरथर वाटेतच विरते, मोठे मंद हेलकावे तेवढे पोचतात, आणि इतक्या लांबून ते पोचतात म्हणजे तिथे जे काही झालं ते मोठं असणार. आमच्या किनाऱ्याला 'लांब' म्हणजे समुद्रच. "सिन्योर ओयार्सून," नोल्फाबाई म्हणाल्या, आणि एकवीस वर्षांत त्यांनी मला आडनावानं हाक मारल्याचं आठवत नाही, "हा फारच लांबतोय." तेवढ्यात खोलीतले सगळे मोबाईल एकदम किंचाळले. किनारा सोडा, उंच जागी जा. तो किंचाळणारा आवाज आम्हाला सगळ्यांना ओळखीचा आहे, मेलेल्या माणसालाही तो उठवील. आणि तो ऐकताक्षणी मी सुरी टाकून दाराकडे धावलो, कारण माझा अख्खा वर्ग या वेळी पर्यवेक्षकांबरोबर जेट्टीवर होता, आणि फोन विमान-मोडवर ठेवा ही सूचना त्यांना मी दिली होती. माझ्या आवाजात. पहिल्याच वाक्यात.

ही सगळी कल्पना माझी. फळ्यावर बल आणि त्वरण लिहून मुलांच्या डोळ्यांत झोप चढताना पाहण्याचा मला कंटाळा आला होता, तेव्हा मी धडे रेकॉर्ड करायला लागलो. कानात आवाज, आणि आवाज सांगेल ते अंगानं करायचं. बसमध्ये दांडा न धरता उभं राहा, ड्रायव्हर ब्रेक मारील तेव्हा तुझे पाय थांबतील आणि तू थांबणार नाहीस, हे लक्षात घे. पाण्यानं भरलेली बादली डोक्यावरून फिरव, मनगटाला काय सांगितलं जातंय ते ऐक. टेकडीवर रुळांवरून चढणाऱ्या लिफ्टमध्ये दप्तर तळहातावर धर, लिफ्ट सुटताना ते जड होतं का हलकं. मुख्याध्यापिकेला यात नावीन्य दिसलं, मला यात फळ्यापासून सुटका दिसली. रेकॉर्डिंग मी घरी कपाटात बसून करायचो, कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून. हिवाळ्यात इव्हॉननं तिचे कोट नेले आणि माझा आवाज एकदम डब्यात बोलल्यासारखा यायला लागला. मग मी माझी दोन जाकिटं, एक घोंगडी आणि बाथरूमचा पडदा टांगला, आणि अंधारात गुडघे छातीशी घेऊन मायक्रोफोनला सांगत राहिलो, श्वास घे, आता ऐक, तू एकटी नाहीस. हे शेवटचं वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं. शास्त्रीयदृष्ट्या त्याला काही अर्थही नव्हता. ते कुणाला उद्देशून होतं हे कपाटाला माहीत होतं. तिच्या वाढदिवसाला मी मोठे, कान झाकणारे हेडफोन पाठवले होते, बाहेरचं काही आत येऊ न देणारे. आभाराचा निरोप आईकडून आला. तिनं ते कधी वापरले की नाहीत, मला कळलं नाही.

टेकडीवरच्या शाळेतून मी समुद्राकडचा जिना उतरत होतो तेव्हा अख्खी टेकडी विरुद्ध दिशेला चालली होती. आमच्याकडे या गोष्टींची शिस्त आहे. धावायचं नाही, ओरडायचं नाही, लाटेपुढे पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेल्या हिरव्या पाटीवरचा बाण दाखवील तिकडे जायचं. बायका पावाच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या, एकीनं ओव्हनमधला ट्रे तसाच आणला होता. एक म्हातारे गृहस्थ पिंजऱ्यातल्या पोपटाला सांगत होते, "सात पाच. बघशील तू." सगळे मला बाजूला होऊन वाट देत होते, आणि वाट देताना माझ्याकडे बघत होते ते उलट दिशेनं आलेल्या गाडीकडे बघतात तसं. आणि माझ्या डोक्यात धडा चालू होता. मला तो पाठ होता, श्वासांसकट. मुलं जेट्टीवर पोचली असतील. आवाज म्हणाला असेल, बूट काढ, मोजे काढ, लाकडावर पाय ठेव. लाटांचा आवाज ऐक आणि मग तो विसर. आता एक पाय उचल. आता डोळे मिट. तुला वाटेल जमीन हलतेय. सगळ्यांना वाटतं. जमीन हलत नाहीये. हलतंय ते तुझं शरीर, कारण तुझा सगळा भार आता एका पंजाएवढ्या जागेत मावायला बघतोय. या ठिकाणी मी थांबलो होतो, कपाटात, आणि चांगल्या शिक्षकासारखं तेच पुन्हा सांगितलं होतं, जास्त हळू, जास्त प्रेमानं. जमीन हलत नाहीये. विश्वास ठेव. तोल गेला तर पाय टेक आणि पुन्हा सुरू कर. आणि मग, येर्को नावाचा एक मुलगा इतरांना गुदगुल्या करतो म्हणून, मी त्यात एक विनोद घातला होता. जिन्याच्या वळणावर तो विनोद मला आठवला आणि मी कठडा धरला. कुणी हाका मारतील. लक्ष देऊ नकोस. त्यांना तुझा तोल घालवायचाय. मी सांगेपर्यंत डोळे उघडू नकोस.

लिफ्ट बंद होती, तिचे डबे उतारावर अर्ध्यात अडकून एकमेकांकडे बघत होते. त्याखालच्या पायऱ्यांवर मला माझा वर्ग भेटला. पुढे आमचे पर्यवेक्षक डॉन सेफेरिनो, छातीवर शिट्टी, लग्नाची वरात नेत असल्यासारखे. मागे मुलं, घामेजलेली, हसणारी, जिवंत. येर्कोच्या हातात सोपाइपिया होती, आमच्याकडची तळलेली पुरी. गरम, कागदात गुंडाळलेली, वर लाल चटणी. मी ती पाहिली आणि काही क्षण मला त्याचा अर्थच लागेना. सोपाइपियाची गाडी जेट्टीच्या तोंडाशी असते, टोकाला नाही. "प्रोफे, तुम्ही खाली कुठे?" तो म्हणाला. "वर चला की. सात असेल." "सात दोन," मागून कुणीतरी म्हणालं. मी विचारलं, "तुम्ही जेट्टीवर नव्हता?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग येर्कोनं सोपाइपिया पाठीमागे धरली, लाज वाटून नव्हे, चटणी सांडू नये म्हणून, आणि माझ्यावर उपकार केल्यासारखा खरं बोलला. "प्रोफे, राग मानू नका. ते एका पायावरचं कुणीच करत नाही. बादलीचंही कुणी केलं नव्हतं. एकाचा फोन लावून ठेवतो आम्ही, आवाज बंद करून, धडा पूर्ण झाल्याची खूण पडते म्हणून." "बसचं मी केलं होतं," एक मुलगी म्हणाली. "बस तशीही पाडतेच," दुसरा म्हणाला. वर्षभर मी कपाटात बसून यांच्या कानात बोललो होतो आणि कान तिथे नव्हते. एखाद्या माणसाचं आयुष्य इतक्या थोडक्या वाक्यांत निकालात निघाल्यावर त्याला वाईट वाटायला हवं. मला इतका आनंद झाला की मी येर्कोचा गाल धरला. आज्ञाधारक वर्ग असता तर आज मी काय केलं असतं! मी चेहरे मोजायला लागलो, आणि डॉन सेफेरिनो म्हणाले, "सगळे आहेत, मोजलेत मी," आणि ज्या घाईनं ते म्हणाले त्यावरून मला कळलं की त्यांनी मोजलेले नाहीत.

"ओरियाना?"

येर्कोच्या तोंडातला घास तिथेच राहिला. "ती करते," तो म्हणाला. "ती नेहमी करते, प्रोफे. पार टोकाला जाऊन. सगळं, शेवटपर्यंत. आम्ही चिडवतो पण तिला." "मग तिला आणलं का नाही?" "हाक मारली! देवाशपथ, तीनदा मारली. पण तिच्या कानात तुम्ही होता." मग त्याचा आवाज बारीक झाला. "वाटलं येईलच मागून."

त्यानंतरच्या पायऱ्या मला आठवत नाहीत. खालच्या सपाट भागात रस्ते रिकामे होते, आणि सिग्नल कुणी नसतानाही हिरवा होत होता, लाल होत होता. मी लाल असताना थांबलो. खरंच थांबलो, क्षणभर. माणसाचं शरीर काय काय पाळत राहतं त्याला सीमा नाही. दुकानांचे दरवाजे उघडे, एका टीव्हीवर बाई आकडा सांगत होती आणि मी तो ऐकला नाही. भोंगा वाजत होता, अग्निशामक दलाचा, रोज दुपारी बाराला वाजतो तोच. मला चीड आली ती या भोंग्याची: रोज त्याच तोंडानं बारा वाजले म्हणून सांगणाऱ्या प्राण्यावर आज कोण विश्वास ठेवणार? आणि मग वाटलं, मला बोलायला तोंड आहे का? जिच्याशी मी घरात नीट दोन वाक्यं बोललो नाही, तिच्या कानात जाऊन मी सांगून बसलो होतो, विश्वास ठेव. ती लहान असताना फरशीला हात लावून खरा आकडा सांगायची. अख्ख्या गावात जमीन कळणारं कुणी असेल तर ती. आणि मी, शिक्षकानं, बापानं, तिला पढवलं होतं की तळपायाला जे कळतंय ते खोटं आहे. तिला कळलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. भीती याची होती की तिला कळलं असणार, आणि तिनं तरीही माझं ऐकलं असणार.

जेट्टीच्या तोंडाशी नौदलाचा एक पोरगेला शिपाई हात पसरून उभा होता. "वर! वर जा, काका!" "माझी मुलगी आहे तिथे." "तिथे कुणी नाही, मी ओरडून बघितलंय!" "ती ओरडण्याला ओ देत नाही," मी म्हणालो, आणि त्याच्या हाताखालून गेलो. सोपाइपियाच्या गाडीवर तेल अजून उकळत होतं. पाणी खाली गेलं होतं. जेट्टीचे खांब, जे कधी कुणी पाहिले नव्हते, ते आता हिरव्या बुळबुळीत मांड्यांसारखे उघडे पडले होते, आणि त्यांच्यामध्ये एक दोरी, एक टायर, कुणाची तरी खुर्ची चिखलात बसली होती. लाटांचा आवाजच नव्हता. समुद्र श्वास आत घेऊन थांबला होता. आणि पार टोकाला, पाठमोरी, दोन्ही हात बाजूला पसरून, माझी मुलगी एका पायावर उभी होती.

हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही, कारण हाकेला दाद देऊ नकोस हे तिला मीच सांगितलं होतं, आणि तिच्या कानातल्या त्या माणसासमोर माझं काय चालणार? त्याच्याकडे वेळ होता, माया होती, कपाटातली शांतता होती. मला धाप लागली होती. मी धावत गेलो. जवळ गेल्यावर दिसलं की ती डोलते आहे, पंजाची बोटं लाकडाला घट्ट धरून, भुवया आक्रसून, ओठ हलवत. ती माझ्याबरोबर म्हणत होती. जमीन हलत नाहीये. तिच्या डोक्यावर मोठे काळे हेडफोन होते. मी ते काढले, आणि त्यातून माझाच आवाज बारीक, किडा बोलावा तसा, माझ्या हातात बोलत राहिला. "येर्को," ती डोळे न उघडता म्हणाली, "मार खाशील हां." "ओरियाना," मी म्हणालो. तिनं डोळे उघडले. मला पाहिलं, मग हेडफोनकडे पाहिलं, जणू मी एकाच वेळी दोन ठिकाणी असणं हा नियमभंग होता. "प्रोफे," ती म्हणाली. "अजून संपलं नाहीये. डोळे उघड म्हणायचं राहिलंय." "संपलं. चल." "भोंगा ऐकला मी. वाटलं बारा वाजले." मग तिनं खाली पाहिलं, त्या उघड्या पडलेल्या खांबांकडे, आणि पुढचं काही मला सांगावं लागलं नाही. तिचे बूट तिथेच राहिले, जोडीनं, व्यवस्थित, मोजे आत खोचून. सूचनेप्रमाणे.

तिचा हात मी धरला की तिनं माझा, हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. शिपाई आमच्यापुढे धावत होता आणि मागे वळून शिव्या देत होता, एकेक जपून ठेवण्याजोगी. पहिल्या पायऱ्यांवर तिच्या तळव्याला काच लागली. मी माझे मोजे उतरवले, बूट पुन्हा नुसत्या पायांत चढवले, आणि वाकून मोजा तिच्या कुठल्या पायात आधी घालावा यात घुटमळत राहिलो. ती वरून माझ्या टकलाकडे बघत होती. "कुठल्याही पायात आधी घाला," ती म्हणाली, "फरक पडत नाही." ती वाट बघत उभी राहिली, दुसऱ्या पायावर. तोल जरासुद्धा गेला नाही. 

पाणी आलं तेव्हा आम्ही लिफ्टच्या वरच्या ठाण्याजवळच्या कठड्याशी होतो, सगळ्या टेकडीबरोबर. लाट वगैरे नव्हती. कुणीतरी नळ सोडून विसरून जावं तसं ते आलं, चढत गेलं, जेट्टीचे खांब झाकले, मग जेट्टीच झाकली, जिथे ओरियाना उभी होती तिथे आता कुठेच काही नव्हतं. सोपाइपियाची गाडी उचलली गेली, सावकाश वळली, छत्रीसकट, आणि रस्त्यावरून शहरात शिरली. कुणी ओरडलं नाही. एक बाई म्हणाली, "अरे देवा, डॉन तितोची गाडी," आणि पोपटवाल्या गृहस्थांनी टोपी काढली. ओरियानानं फोन चालू केला, आणि तो तिच्या हातात एखाद्या पकडलेल्या माशासारखा तडफडायला लागला: आई, आई, आई. ती आईशी बोलली. "हो, वर आहे. हो. पापाबरोबर." तो शब्द तिनं फोनमध्ये उच्चारला, माझ्याकडे न बघता. मीही खाली बघत राहिलो, पाण्याकडे, जणू मला काही ऐकू आलं नव्हतं.

मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी मी शिक्षकाच्या आवाजात विचारलं, कारण दुसरा आवाज जवळ नव्हता. "बाकीचं कुणीच करत नाही म्हणे." "माहितीये." "आणि तू सगळे केलेस?" "काही दोनदा." "बादलीचाही?" "आईचा गालिचा भिजला." मी हसलो नाही, हसलो असतो तर दुसरंच काही झालं असतं. "तुला कळलं नाही? तुला तर फरशीवरून कळायचं." तिनं हेडफोनची पट्टी उघडली, मिटली. "कळलं," ती म्हणाली. "वाटलं, मोठा आहे. पण तू म्हणत होतास, नाहीये." थोड्या वेळानं, जास्त हळू, "त्यात तू ओरडत नाहीस. त्यात तू सगळं दोनदा सांगतोस. घरी तू कधीच काही दोनदा सांगितलं नाहीस." यावर बोलण्यासारखं बरंच होतं, कपाटाबद्दल, कोटांबद्दल, अंधारात गुडघे दुखण्याबद्दल. मी म्हणालो, "जमीन हलत होती." ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हणालो, "जमीन हलत होती, ओरियाना. तुझं बरोबर होतं."

तेव्हाच कठडा हातात गुणगुणला. नंतरचा पहिला हादरा. लोकांनी बोलणं थांबवलं, एक कुत्रं उभं राहिलं आणि पुन्हा बसलं. ओरियाना खाली वाकली, माझ्या मोज्यांतला एक पाय मागे घेऊन, आणि तिनं तळहात फरशीला लावला. "पाच एक," ती म्हणाली. माझ्या पायांनाही तेवढंच वाटलं होतं, पाच, फार तर पाच एक. "सहा आठ," मी म्हणालो. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, नापास होणाऱ्या मुलाकडे मी बघतो तसं, कंटाळ्यानं आणि थोड्या मायेनं. "सहा आठ? पापा, हरणार आहेस तू." "मग घासीन." कुठल्या घरातली भांडी, ते तिनं विचारलं नाही, आणि मीही नाही. शेजारच्या बाईनं रेडिओचा आवाज वाढवला, आणि आम्ही दोघं आकड्याची वाट बघत उभे राहिलो.